जुनी सोसायटी, नवी इमारत आणि ‘गोल्ड’ मानांकन: पुण्यातील पुनर्विकासात हरितपणा कोठे ठरतो

आपला प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधील आपली सहकारी गृहनिर्माण संस्था १९८४ सालची, चार मजली, ३२ सदनिकांची आहे आणि भूखंड सुमारे १,८०० चौरस मीटरचा आहे. पुनर्विकासासाठी तीन विकसकांचे प्रस्ताव आले असून त्यांपैकी एकाने ‘आयजीबीसी गोल्ड’ दर्जाची, म्हणजे भारतीय हरित इमारत परिषदेचे ‘गोल्ड’ मानांकन असलेली, हरित इमारत देऊ केली आहे. काही सभासदांना ही निव्वळ जाहिरात वाटते, काहींना देखभाल खर्च वाढण्याची धास्ती आहे आणि आवारातील झाडेच जाणार असतील तर हिला हरित का म्हणायचे, असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले आहे. मुळात इमारत पाडावी का, आणि पाडायची तर हरित इमारतीच्या नावावर नेमके काय पदरात पाडून घ्यावे, हे आपल्याला हवे आहे.

वास्तुविशारद आणि प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार अशा दोन्ही भूमिकांतून मी पुण्यातील पुनर्विकासाची कामे हाताळत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की इमारत हरित होणार की नाही, हे निविदा, मंजुरीला जाणारा नकाशा आणि विकसन करारनाम्याचे परिशिष्ट या तीन कागदांत ठरून जाते. मानांकनाची पाटी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी लागते आणि तोपर्यंत संस्थेच्या हातात फारसे काही उरलेले नसते. त्यामुळे जो काही आग्रह धरायचा, तो आत्ताच धरावा लागेल.

पाडावी का, हा प्रश्न बहुतेक संस्था विचारतच नाहीत. आपण विचारलात हे बरे झाले. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी करून घ्यावे, असे उपविधी सांगतात. ते झालेले नसेल तर आधी करून घ्या, आणि त्यात केवळ डोळ्यांनी पाहून लिहिलेला चार पानी अहवाल स्वीकारू नका. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, काँक्रीटचे कोअर, कार्बोनेशनची खोली आणि सळ्यांच्या गंजाची हाफ-सेल चाचणी एवढे तरी हवे. पुण्याची हवा मुंबईसारखी खारी नसल्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या अनेक इमारतींचे स्तंभ आणि तुळया अजून धडधाकट निघतात; खराब असतात ते गच्चीचे स्लॅब, छज्जे आणि न्हाणीघरांच्या खालचे भाग. अशा इमारतीची दुरुस्ती, बाहेरून लिफ्टचा मनोरा आणि गच्चीवर उष्णतारोधक थर हा पर्याय पर्यावरणाच्या हिशेबात नव्या इमारतीला सहज मागे टाकतो, कारण उभ्या सांगाड्यातील सिमेंट आणि पोलाद यांचा कार्बन हवेत जाऊन चाळीस वर्षे झाली आहेत, तर नव्या सांगाड्याचा पुन्हा नव्याने जाणार आहे.

तरीही हा पर्याय सभेत टिकत नाही, आणि त्याचे कारण अभियांत्रिकीत नसून पैशात आहे. दुरुस्तीचा खर्च सभासदांच्या खिशातून जातो. पुनर्विकासात वाढीव क्षेत्र, कॉर्पस (विकसकाने संस्थेला द्यायचा निधी) आणि बांधकाम चालू असेपर्यंतचे भाडे मिळते आणि खर्च वाढीव चटईक्षेत्राच्या विक्रीतून निघतो. ज्येष्ठ सभासदांना लिफ्ट हवी असते, तरुणांना पार्किंग हवे असते. या गरजा खऱ्या आहेत आणि त्यांना पर्यावरणाचे नाव सांगून नाकारणे योग्य नाही. मात्र पाडण्याचा निर्णय झाल्यावर तो ‘हरित’ कारणासाठी झाला, असे कोणी म्हणू नये. जे पाडले त्याची भरपाई करायला नव्या इमारतीला पुढची अनेक वर्षे कमी विजेवर आणि कमी पाण्यावर चालावे लागेल, आणि तशी ती चालेल अशी रचना करून घेणे एवढेच आपल्या हाती आहे.

आता ‘गोल्ड’ या शब्दामागचे गणित. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या यूडीसीपीआरमध्ये, हरित इमारतीसाठी मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) वाढीव निर्देशांक मिळतो: आयजीबीसी सिल्व्हर किंवा ‘गृह’ (GRIHA) या दुसऱ्या मानांकनाचे तीन तारे या दर्जाला ३ टक्के, गोल्ड किंवा चार ताऱ्यांना ५ टक्के आणि प्लॅटिनम किंवा पाच ताऱ्यांना ७ टक्के. आपल्या भूखंडाला १.१ हा मूळ निर्देशांक धरला तर १,९८० चौरस मीटर होतात. त्याचे ५ टक्के म्हणजे ९९ चौरस मीटर, अर्थात हजार-अकराशे चौरस फूट. एका ऐसपैस सदनिकेएवढे हे क्षेत्र विकसकाला विक्रीसाठी मिळते. यात गैर काहीच नाही, शासनाने प्रोत्साहन म्हणूनच ते दिले आहे. पण आपल्या सल्लागाराने केलेल्या व्यवहार्यता अहवालात हे क्षेत्र धरले आहे का, हे तपासा. धरलेले नसेल तर हरित इमारत ही विकसकाने दिलेली भेट आहे असे भासते आणि तिच्या बदल्यात दुसरीकडे सवलत मागितली जाते. प्रत्यक्षात तिची किंमत आपल्याच जमिनीतून वसूल झालेली असते.

मानांकनात पूर्वप्रमाणपत्र आणि अंतिम प्रमाणपत्र असे दोन टप्पे आहेत. पूर्वप्रमाणपत्र नकाशे आणि आश्वासने पाहून मिळते. माहितीपत्रकावर छापले जाते ते बहुधा हेच. अंतिम प्रमाणपत्र बांधकाम पूर्ण झाल्यावर, कागदपत्रे आणि प्रत्यक्ष स्थिती तपासून मिळते. कबूल केलेला दर्जा शेवटी न गाठल्यास वाढीव निर्देशांकाच्या जमीन मूल्याच्या दुप्पट दंडाची तरतूद नियमावलीत आहे, परंतु तो दंड प्रशासनाकडे जमा होतो, संस्थेला त्यातला रुपयाही मिळत नाही. संस्थेचे संरक्षण संस्थेनेच करारनाम्यात लिहून घ्यायचे असते. त्याकडे पुढे येतेच.

मानांकनाच्या गुणपत्रिकेतही डोळसपणे पाहायला हवे. सायकलींसाठी जागा, कमी उत्सर्जनाचे रंग, सूचनाफलक, ओला-सुका कचऱ्याचे डबे यांचे गुण स्वस्तात आणि हमखास मिळतात. भिंतींची उष्णतारोधकता, सांडपाण्याचा पुनर्वापर, जमिनीवरची माती राखणे यांचे गुण महाग पडतात. दोन इमारती सारख्याच ‘गोल्ड’ असू शकतात आणि एकीत एप्रिलमध्ये पंख्यावर भागते तर दुसरीत प्रत्येक खोलीला वातानुकूलन यंत्र लागते. म्हणून विकसकाकडे एकूण गुण मागू नका. कोणत्या बाबीचे किती गुण अपेक्षित आहेत, त्याचा तक्ता मागा आणि तो निविदेसोबतच मागा.

या तक्त्यापेक्षाही अधिक निर्णायक असते ते पार्किंग, आणि इथे दोष विकसकावर ढकलता येत नाही. प्रत्येक सदनिकेला दोन गाड्यांची जागा हवी, अशी मागणी सभासदच करतात. एका गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटरची जागा लागते, पण ये-जा करण्याची वाट धरली की ती २५ ते ३० चौरस मीटरवर जाते. नव्या इमारतीत साधारण ६० सदनिका धरल्या आणि प्रत्येकी दोन गाड्या दिल्या, तर सुमारे ३,३०० चौरस मीटर, म्हणजे भूखंडाच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्र, केवळ गाड्यांना लागेल. मग तळघर खोदावे लागते, तेही कडेच्या सीमेपर्यंत. झाडांची मुळे जातात, मुरमात पाणी मुरायला जागा उरत नाही, पावसाळ्यात तळघरात झिरपणारे पाणी उपसायला पंप आणि वर्षभर धूर बाहेर फेकायला पंखे चालवावे लागतात. तळघर टाळून पोडियम केले तर खालचे दोन-तीन मजले गाड्यांचे होतात आणि रस्त्याच्या कडेला काँक्रीटची आंधळी भिंत उभी राहते. माझा सल्ला असा की नियमाने लागते तेवढेच पार्किंग घ्यावे, दुसऱ्या गाडीच्या जागेसाठी स्वतंत्र किंमत आकारण्याची पद्धत ठरवावी आणि जिथे शक्य असेल तिथे दुमजली यांत्रिक पार्किंग स्वीकारावे. हा ठराव सभेत मंजूर होणे सर्वांत अवघड असते, हे मला ठाऊक आहे. पण तो झाला तर उरलेले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

झाडांबाबत आपल्या ज्येष्ठ सभासदांची शंका रास्त आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा असून २०२१ च्या सुधारणेनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचे संरक्षण आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाएवढी नवी झाडे लावण्याची अट आली आहे. ही अट कागदावर भक्कम दिसते, पण चाळीस वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात चाळीस रोपे लावायला आपल्या आवारात जागाच नसेल, तर ती दुसरीकडे कोठे तरी लागतील आणि आपली सावली गेलेली असेल ती गेलीच. झाडे वाचवायची असतील तर वृक्ष अधिकाऱ्याच्या दारापर्यंत जाण्याआधी, वास्तुविशारदाने कागदावर पहिली रेघ मारण्यापूर्वी, झाडांचे सर्वेक्षण हवे: प्रत्येक झाडाची जात, बुंध्याचा घेर, पर्णसंभाराचा विस्तार आणि जमिनीची पातळी दाखवणारा नकाशा. मग इमारतीचा आणि तळघराचा आराखडा त्या नकाशावर बसवायचा. बहुतेक झाडे भूखंडाच्या कडेलाच असतात, त्यामुळे तळघराची हद्द एका बाजूने चार-पाच मीटर आत घेतली तरी कडेची ओळ वाचू शकते. सगळीच झाडे सारख्या मोलाची नसतात, हेही मान्य करावे. पोखरलेला गुलमोहर वाचवण्यासाठी भांडण्यापेक्षा बकुळ, आंबा, कडुनिंब यांसाठी शक्ती खर्च करावी. पुनर्रोपणाच्या आश्वासनावर फार विसंबू नये. मोठ्या झाडाची मुळे काही महिने आधी टप्प्याटप्प्याने छाटून तयारी करावी लागते आणि एवढी सवड प्रकल्पात क्वचितच दिली जाते.

इमारतीच्या अंगरख्याकडे, म्हणजे भिंती आणि खिडक्यांकडे, सभासदांचे लक्ष सहसा जात नाही; ते स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटकडे जाते. हल्ली बहुतेक विकसक अॅल्युमिनियमचे साचे वापरतात, ज्याला सरसकट ‘मिवान’ म्हटले जाते. आठ-दहा दिवसांत एक मजला उभा राहतो, गिलाव्याचा खर्च वाचतो, गळतीही कमी होते. मात्र या पद्धतीत बाहेरच्या भिंतीही दीडशे मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या काँक्रीटच्या असतात आणि काँक्रीट उष्णता झपाट्याने आत पोचवते. दोनशे मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, भिंतीच्या तुलनेत अशा भिंतीतून सुमारे चारपट उष्णता वाहते. आपल्या जुन्या नऊ इंची विटांच्या भिंतीही या बाबतीत काँक्रीटपेक्षा बऱ्या होत्या. पश्चिमेकडे शयनगृह असेल तर संध्याकाळी सात वाजता भिंतीला हात लावून पाहावा, म्हणजे आकडेवारीची गरज पडत नाही.

याचा अर्थ मिवान नाकारा असा नाही. बाहेरच्या भार न पेलणाऱ्या भिंती, निदान पश्चिम आणि दक्षिण बाजूंच्या, ब्लॉकच्या करता येतात किंवा बाहेरून उष्णतारोधक थर देता येतो. यासाठी मोजमाप उपलब्ध आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये निवासी इमारतीच्या बाह्यावरणातून आत येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक, म्हणजे आरईटीव्ही, प्रति चौरस मीटर १५ वॉटच्या आत असावा असे म्हटले आहे. आपल्या विकसकाच्या वास्तुविशारदाला नकाशासोबत हा हिशेब करून द्यायला सांगा. प्रत्येक दिशेच्या भिंती आणि खिडक्यांची क्षेत्रे भरली की तो होतो, त्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही. हिशेब द्यायला टाळाटाळ झाली, तर ‘गोल्ड’मागची तयारी किती आहे ते त्यातूनच कळेल.

खिडक्यांबद्दल दोनच गोष्टी, पण आग्रहाने. सरकत्या खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो, बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी पूर्ण उघडते; म्हणजे नकाशात खिडकी सहा फुटांची असली तरी वाऱ्याला मिळते ती तीन फुटांची. दुसरे, जुन्या इमारतीत दोन फुटी छज्जा होता, नव्या आराखड्यात दर्शनी भाग सपाट दिसावा म्हणून तो काढून टाकला जातो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेला छज्जाच कामाचा. पश्चिमेचा तिरपा सूर्य मात्र छज्जाने अडत नाही, तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा खोल बाल्कनी लागते. वातानुकूलन यंत्रांची बाहेरची पेटी स्नानगृहांच्या डक्टमध्ये लावण्याची सोय नकाशात दिसली तर ती ताबडतोब बदलून घ्या, कारण सगळ्या मजल्यांची गरम हवा त्या चिंचोळ्या डक्टमध्ये कोंडते आणि वरच्या मजल्यांची यंत्रे दमछाक होऊन जास्त वीज खातात.

पाण्याचा विषय निघाला की प्रत्येक विकसक पर्जन्यजल संधारण दाखवतो. ते पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना बंधनकारकच आहे, त्यामुळे त्यात त्याचे विशेष कौतुक करण्यासारखे काही नाही. पण त्याची मर्यादा आकड्यांत पाहा. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सातशे चौरस मीटरच्या गच्चीवरून ८० टक्के पाणी हाती लागले, तर वर्षभराचे पावणेचार ते चार लाख लिटर होतात. ६० सदनिकांत २४० माणसे आणि माणशी दररोज १३५ लिटर या प्रचलित हिशेबाने रोजची गरज ३२,४०० लिटर आहे. म्हणजे वर्षभरात गच्चीवर पडलेला सगळा पाऊस साठवला तरी तो बारा दिवस पुरेल. याउलट त्या १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर शौचालयाच्या फ्लशसाठी जातात. ते अंघोळ आणि कपड्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून भागवले, तर वर्षाला ३९ लाख लिटर ताजे पाणी वाचते, पावसाच्या दहापट. टँकरवर अवलंबून असलेल्या कोणत्याही संस्थेने आपली ताकद कोठे लावायची, हे यातून स्पष्ट व्हावे.

तरीही एवढ्या लहान संस्थेत सांडपाणी प्रक्रिया केंद्र घ्या, असे मी डोळे मिटून सांगणार नाही. बंद पडलेली केंद्रे पुण्यात कमी नाहीत, आणि त्यांच्या बंद पडण्याची कारणे तांत्रिक नसतात: प्रशिक्षित माणूस ठेवायला पैसे नाहीत, सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या विजेचे बिल पाहून समिती तो रात्री बंद करते, त्यामुळे जिवाणू मरतात, दुर्गंधी येते आणि शेवटी सगळेच बंद होते. माझी सूचना अशी की फक्त अंघोळ-कपड्यांच्या तुलनेने स्वच्छ सांडपाण्यासाठी छोटे केंद्र घ्यावे, पुरवठादाराकडूनच पाच वर्षांचा चालवण्याचा करार विकसकाच्या खर्चाने करून घ्यावा आणि काहीही झाले तरी फ्लशची स्वतंत्र वाहिनी व स्वतंत्र टाकी पहिल्याच दिवशी बसवून घ्यावी. केंद्र पुढे केव्हाही घेता येते. भिंतीतली दुसरी वाहिनी नंतर टाकता येत नाही, आणि मिवानच्या काँक्रीटच्या भिंतीत तर मुळीच नाही.

पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याबाबतही पुण्याची एक खास अडचण आहे. शहर दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. त्यात वरचा मुरूम, मधले भेगाळलेले किंवा सच्छिद्र थर आणि कठीण कातळ हे भूखंडागणिक बदलतात. कठीण कातळात खोदलेला पुनर्भरण खड्डा हा निव्वळ हौद ठरतो. दोन सरींत भरतो आणि डास पोसतो. म्हणून खड्ड्याची जागा आणि खोली भूजलतज्ज्ञाने पाहून ठरवावी, आणि गच्चीवरचे पाणी गाळणीशिवाय थेट बोअरवेलमध्ये सोडू नये.

सौरऊर्जेविषयी थोडक्यात. इमारत उंच झाली की सदनिका वाढतात, गच्ची वाढत नाही. जिन्याची खोली, टाक्या, लिफ्ट यांतून अडीचशे चौरस मीटर मोकळे राहिले तर २५ किलोवॉटची यंत्रणा बसते आणि दिवसाला सरासरी शंभर युनिट मिळतात. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामायिक वीजबिलाचा मोठा भाग यातून निघतो. घराघरातले बिल यातून शून्य होईल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहसंस्थांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, पण योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंतची आहे आणि आपली इमारत तोवर उभी राहणार नाही, त्यामुळे ते अनुदान हिशेबात धरू नका. गच्चीचा आराखडा मात्र सौर पटलांच्या दृष्टीने आधीच करून घ्या. टाकीची सावली दुपारी पटलांवर पडते अशा गच्च्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पुणे महानगरपालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळ खत प्रकल्पांसाठी मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देत आली आहे. ती यंत्रणा चालू असेल तरच टिकते, आणि तपासणीत बंद आढळल्यास काढून घेतली जाते.

बांधकाम साहित्यातील सर्वांत मोठा वाटा सिमेंटचा. राखमिश्रित पोर्टलँड पॉझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अॅश चालते, तर धातुमळीच्या (स्लॅगच्या) सिमेंटमध्ये त्याहून जास्त भाग क्लिंकरऐवजी, म्हणजे भट्टीत भाजून केलेल्या सिमेंटच्या मूळ घटकाऐवजी, धातुमळीचा असू शकतो आणि तेवढा कार्बन कमी होतो. मात्र असे काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरते, आणि साचे लवकर काढण्याची घाई असलेल्या ठेकेदाराला ते नको असते. पाया, तळघराच्या भिंती, पाण्याच्या टाक्या अशा जिथे घाई नसते त्या भागांत तरी ते वापरावे, अशी अट घालता येते.

पाडकामाकडे दोन्ही पक्ष सर्वांत कमी लक्ष देतात. पक्क्या बांधकामाच्या पाडकामातून दर चौरस मीटरला ३०० ते ५०० किलो राडारोडा निघतो, असा जुना आणि तसा सावधच अंदाज आहे. आपले बांधकाम दोन हजार चौरस मीटरचे धरले तर ६०० ते १,००० टन झाले. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्याने त्याचे वर्गीकरण करून व्यवस्थापन आराखडा द्यावा, असे २०१६ च्या नियमांनीच सांगितले आणि त्यानंतर नियम अधिक कडकच होत गेले आहेत. तरीही मुठेच्या काठावर आणि टेकड्यांच्या पायथ्याशी रात्रीतून रिकामे होणारे डंपर सगळ्यांनी पाहिलेले आहेत. महापालिकेचे प्रक्रिया केंद्र वाघोलीला आहे. तिथल्या वजनकाट्याच्या पावत्या विकसकाने संस्थेला द्याव्यात, अशी एक ओळ करारनाम्यात पुरेशी आहे. शिवाय इमारत पाडणारा ठेकेदार सागवानी चौकटी, शहाबादी फरशा, ग्रिल, सळ्या हे सगळे विकण्यासाठी घेतो आणि त्यापोटी विकसकाला पैसे मोजतो. ते साहित्य आपले आहे. जाळ्या आणि फरशा नव्या आवारात वापरता येतात, उरलेल्याची किंमत तरी संस्थेच्या खात्यात यावी.

आता करारनामा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालील ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकास होऊ शकतो, आणि विकसकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घेण्याचीही तरतूद आहे. हरित बाबींसाठी वेगळे परिशिष्ट करा आणि त्यात ‘किंवा तत्सम दर्जाचे’ हे शब्द कोठेही राहू देऊ नका; एएसी ब्लॉकच्या जागी काँक्रीट आणि झडपांच्या जागी सरकत्या खिडक्या याच शब्दांतून आत येतात. परिशिष्टात मानांकनाचा दर्जा आणि अंतिम प्रमाणपत्राची मुदत, आरईटीव्हीचा आकडा, तळघराची हद्द आणि वाचवायच्या झाडांचा नकाशा, दुहेरी वाहिनी, सौर यंत्रणेची क्षमता, राडारोड्याच्या पावत्या आणि सामायिक यंत्रणांच्या मासिक वीज व देखभाल खर्चाचा विकसकाने सही केलेला अंदाज असावा. शेवटच्या बाबीमुळे देखभाल खर्चाची धास्ती घेतलेल्या सभासदांच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर मिळते आणि कॉर्पसच्या व्याजातून किती भागेल, तेही कळते. संस्थेने स्वयंपुनर्विकास, म्हणजे विकसकाशिवाय स्वतःच पुनर्विकास, केला तर हे सगळे ठरवणे जास्त सोपे जाते, परंतु त्यासाठी वित्तपुरवठा आणि रोजचे काम पाहणारे चार-पाच खमके सभासद लागतात. ते नसतील तर केवळ तत्त्वासाठी त्या वाटेला जाऊ नये.

शेजारच्या एक-दोन संस्थांशी बोलून एकत्र पुनर्विकास शक्य आहे का, हेही पाहावे असे मी सुचवेन. १,८०० चौरस मीटरच्या सुट्या भूखंडावर चारही बाजूंचे सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांतली मोकळी जागा, सोडल्यावर इमारत बुटक्या-जाड्या ठोकळ्याची होते आणि मधल्या खोल्यांना वारा मिळत नाही. दोन भूखंड एकत्र आले तर मधली दोन अंतरे एक होतात, झाडांना सलग पट्टा मिळतो आणि सांडपाण्याचे केंद्र चालवण्याइतकी कुटुंबे होतात. मुंबईत भेंडी बाजारचा साडेसोळा एकरांतील सुमारे अडीचशे जुन्या इमारतींचा समूह पुनर्विकास याच तत्त्वावर हाती घेतला गेला. त्याच मुंबईत, कमी पडणारे सामासिक अंतर अधिमूल्य (प्रीमियम) भरून माफ करून घेतलेले मनोरे एकमेकांना इतके चिकटून उभे आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि त्यांपैकी काहींच्या प्रवेशद्वारावर हरित मानांकनाची पाटीही आहे. पुण्यात नऊ मीटरच्या गल्लीत बारा-बारा मजले येऊ लागले असताना ती वाट आपण धरू नये. एकत्रीकरणाला वेळ लागतो आणि त्यात एखादी संस्था मागे फिरली तर सगळे अडते, हा धोका आहेच. म्हणून चर्चेसाठी सहा महिन्यांची मर्यादा घालावी, आणि ती संपली की एकट्याने पुढे जावे.

ताबा घेताना प्रत्येक यंत्रणेचे प्रत्यक्ष बांधकामानुसारचे नकाशे, हमीपत्रे आणि चालवण्याची मराठीतील माहितीपुस्तिका मागून घ्या. ज्या रकमेच्या बळावर विकसक परत फोन उचलेल, अशी काही टक्के रक्कम किंवा बँक हमीचा हिस्सा अंतिम प्रमाणपत्र हाती येईपर्यंत आणि किमान एक पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवण्याची अट करारनाम्यात हवी. गच्चीची गळती, तळघरातले झिरपणे, पुनर्भरण खड्ड्याचे तुंबणे आणि सांडपाणी केंद्राचा वास हे चारही दोष जुलै-ऑगस्टमध्येच उघडे पडतात, आणि ताबा देण्याची तारीख मात्र बहुतेक वेळा दसरा किंवा पाडव्याची असते.